मेहनाज ऑनलाईन आहे

जावयाचा फोन आला तेव्हा झुल्फिकार एका ट्रकच्या पोटाखाली उताणा पडला होता. कापूरहोळला जिथं भोरचा रस्ता हायवे सोडून आत वळतो, तिथं त्याचं बॅटरी-वायरिंगचं दुकान. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक चार्जर आणि अॅसिडनं भोकं पडलेली एक खुर्ची. एकोणतीस वर्षं तो गाड्यांच्या वायरी चाचपत आला होता. मोबाईल घेतला होता मागच्या ईदला, आणि तोही फक्त जावयासाठी. त्याआधी मस्कतहून फोन आला की शेजारच्या धाब्यावर पळत जावं लागायचं, आणि धाब्यावरचे सगळे हातातली भाकरी हातात ठेवून ऐकत बसायचे.

"मामू," सरफराज म्हणाला. सासऱ्याला तो मामूच म्हणायचा. आज सलाम नाही, तब्येत नाही, काही नाही. "तुमची मुलगी दिवसभर कुठं असते?"

"कुठं म्हंजे? तुज्या घरी. भोरात, तुज्या आईसंगं."

"घरी नसते. सकाळी नऊला पेटते ती रात्री आठला विझते."

झुल्फिकार ट्रकखालून सरपटत बाहेर आला. "काय पेटतं?"

"तिचं नाव. कॉम्प्युटरवर. भोरात अमजदच्या कॅफेत ती बसली की तिच्या नावापुढं पिवळा चेहरा पेटतो, तो मला इथं गोदामात माझ्या टेबलावर दिसतो. आमचं ठरलंय मंगळवारी एक तास. ही रोज पेटलेली, मामू. अकरा-अकरा तास. मी लिहितो, उत्तर येत नाही. परवा आलं. एकच शब्द. बिझी." तिकडं त्यानं दात खाल्ल्याचं इकडं ऐकू आलं. "कुणाबरोबर बिझी?"

झुल्फिकारनं हातातला पाना खाली ठेवला.

"फॅमिली व्हिसाचे कागद माझ्या खणात तयार आहेत. महिनाअखेरीला मालक सही करणार. त्याच्या आत मला कळलं पाहिजे. काही निघालं तर कागद फाडीन. आणि तिला तुम्ही कापूरहोळला घेऊन जायचं. कायमचं."

आता इथं एखाद्या बापानं काय म्हणायला हवं होतं ते लहान पोरही सांगेल. माझी मुलगी तशी नाही, एवढं म्हणायला हवं होतं. झुल्फिकार म्हणाला, "बगतो."

बगतो! जिला त्यानं स्वतःच्या हातानं वाढवलं, जिच्या शाळेच्या दाखल्यावर सही करताना नाव लिहायला शिकला, तिच्याबद्दल हा माणूस बगतो म्हणाला. का म्हणाला? कारण पोरगी एकदा दुसऱ्याच्या घरी दिली की तिच्याबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी बाप आधी मान खाली घालतो आणि मग ऐकतो. ही सवय आमच्यातही आहे आणि त्यांच्यातही आहे, त्याबाबतीत सगळ्यांचा एकच धर्म.

आणि झुल्फिकारचा धंदाच संशयाचा. ड्रायव्हर सांगतो बॅटरी गेली. बॅटरी गेलेली नसते, पट्टा सैल असतो. ड्रायव्हर सांगतो कुणी हात लावला नाही. झाकण काढावं तर कुणीतरी तारेला पिळा मारून ठेवलेला असतो. तोंडानं सांगितलेलं धरायचंच नाही, वायर धरून मागं मागं जायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं. तीच रीत त्यानं पोटच्या पोरीला लावली.

दुसऱ्या दिवशी दुकान शेजाऱ्यावर सोपवून तो भोरच्या एसटीत बसला. अमजदचा कॅफे स्टँडच्या मागच्या गल्लीत, काळी काच लावलेला. पाटीवर इंटरनेट, चॅटिंग, इन्स्टंट मेसेजिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, एवढं सगळं एका फळीत दाटीवाटीनं बसवलेलं. समोर चहाची गाडी. झुल्फिकार तिथल्या बाकावर बसला आणि काळ्या काचेकडं बघत राहिला. कॉलेजची पोरं आत गेली. एक तलाठ्याचा माणूस गेला. एक बाई तोंडाला पदर लावून गेली तेव्हा तो बाकावरून अर्धा उठला, पण ती झेरॉक्स काढून दोन मिनिटांत बाहेर आली. मेहनाज आली नाही.

दुसरा दिवस तसाच. तिसराही. चहावाल्यानं विचारलं, "चाचा, कोर्टाचं काम हाय का?" झुल्फिकार म्हणाला, "व्हय, तारीक लागंना." खोटंही नव्हतं म्हणा.

रोज दुपारी तो मुलीच्या घरासमोरून एक चक्कर मारी. मेहनाज दारातच मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करत बसलेली असायची. आता मुलीच्या दारावरून जायचं म्हणजे आत जावंच लागतं, पाणी प्यावं लागतं. तिसऱ्या दिवशी तिची सासू खुर्शिदा बोललीच.

"ईद न्हाई, मोहरम न्हाई, आन झुल्फिकारभाई रोज आमच्या दारात! कापूरहोळच्या गाड्या चांगल्या चालाय लागल्या काय?"

"हितं दात काढायचाय डॉक्टरकडं," झुल्फिकार म्हणाला.

"तीन दिवस एकच दात? हत्तीचा हाय का काय?"

मेहनाज हसली. तिच्या दातात दोरा होता. दोरा धरूनच ती म्हणाली, "अब्बा, गाल तर सुजला न्हाई." आणि नेमका तेव्हा खिशात मोबाईल वाजला. झुल्फिकार गडबडीनं गल्लीत उतरला.

"मामू, आत्ता. या मिनिटाला पेटलीय. माझ्यासमोर आहे."

झुल्फिकारनं मान वळवली. दहा पावलांवर मेहनाज मोरपंखी साडीचा काठ सुईखाली सरकवत होती. त्याला एकदम हलकं वाटलं. "आरं, ती हितं माज्या समोर हाय! पिको करतीय. म्या डोळ्यानं बगतोय."

"मामू, तुम्ही बाप आहात. तुम्ही झाकणारच," सरफराज म्हणाला आणि फोन ठेवला.

म्हणजे बघा. बापानं तीन दिवस पोरीवर पाळत ठेवली आणि जावयाच्या लेखी तो झाकणाराच ठरला. झुल्फिकारला राग आला. पण राग आला तो जावयाचा नाही, त्या पेटलेल्या नावाचा. पोरगी इथं आणि नाव तिथं, मग पेटवतंय कोण? कुठंतरी वायर जोडलेली असणार. तो तडक कॅफेत शिरला.

आत चार मशिनं, मध्ये प्लायवूडचे आडोसे, पायपुसणं आणि घामाचा वास. अमजद पंचविशीचा, तोंडात बडीशेप. झुल्फिकारला त्यानं ओळखलं.

"या चाचा! कुंडली काढायची का बायोडेटा?"

"माजी मुलगी हितं येती?"

"मंगळवारी. अकरा ते बारा. दोन नंबरवर."

"आन रोज?"

"रोज कशाला?"

"मग तिचं नाव रोज कसं पेटतं रं?"

अमजदनं बडीशेप चावायची थांबवली. मग तो दोन नंबरच्या मशिनकडं गेला आणि पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. एक छोटी चौकट. वर मेहनाजचं नाव आणि शेजारी पिवळा हसरा चेहरा. "हे व्हय? हे मीच ठेवलंय. तीच बोलली, अमजदभाई, माजं नाव इझवू नका. सकाळी मशीन चालू केलं की आपोआप येतं. रात्री बंद केलं की जातं."

"का पण?"

"सरफराजची पाळी बदलती. मालक बाजूला गेला की त्यो दोन मिनटं बसतो, त्याचा काय नेम? कवाबी आला आन ही इझलेली दिसली तर त्याला वाटंल हिला आपली फिकीर न्हाई. म्हणून पेटतं ठेवायचं. मी म्हणलं, ठेव बाई, माजं काय जातंय."

झुल्फिकार स्टुलावर बसला. पोरीनं नवऱ्याला दिसावं म्हणून नाव पेटतं ठेवलं होतं, आणि नवरा त्याच उजेडात तिचा यार शोधत होता.

"ह्ये इन्स्टंट म्हंजे नक्की काय रं?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"ताबडतोब, चाचा. पत्र टाकलं तर मस्कतला पोचायला पंधरा दिस. हितं हिनं लिवलं की तिकडं उमटलं. त्यानं लिवायला हात उचलला तरी हितं कळतं, पेन्सिल हालती बगा खाली."

"आन उत्तर दिलं न्हाई तर?"

"तर त्याला कळतं की समोरचा बसलाय आन देत न्हाई."

"मग पत्र बरं व्हतं. पत्र आलं न्हाई तर माणूस पोस्टमनला शिव्या घालायचा. हितं कुणाला घालणार?"

"समोरच्याला," अमजद म्हणाला. "आमच्या धंद्यात लई भांडणं त्यावरच. उत्तर उशिरा का दिलं. पेटलेला दिसतोस आन बोलत न्हाईस. मला सोडून कुणाशी बोलतोस. हितं प्रेमं जुळतात त्याच्या दुप्पट मोडतात. मी बिल दोन्हीचं घेतो."

तेवढ्यात दोन नंबरवर एक गिऱ्हाईक येऊन बसलं. वेल्ह्याकडचे एक मास्तर, चष्म्याला दोरी, मुलीच्या लग्नाची माहिती छापून घ्यायला आलेले. ते एकेक अक्षर शोधून दाबत होते, रंग निमगोरा, उंची पाच फूट दोन. मध्येच टिंग करून चौकट वर उसळली. मास्तर वैतागले. "ह्या बयेला सारखं कोण हाका मारतं हो? मागच्या वेळीही असंच." आणि त्यांनी दोन बोटांनी काहीतरी टाईप करून चौकट खाली ढकलली.

"काय लिवलं तुमी?" झुल्फिकारनं विचारलं.

"बिझी. मग नाही का? मी कामात आहे ना!"

झुल्फिकारला हसावं की मास्तरांच्या चष्म्याची दोरी ओढावी ते कळेना. सरफराजची झोप उडवणारा बिझी हा होता. आता हे सगळं फोन करून सांगायचं, की झालं. गोष्ट इथं मिटायला हरकत नव्हती. तो उठलाही.

पण मास्तर निघून गेल्यावर पुन्हा टिंग झालं. चौकटीत सरफराजच्या विझलेल्या नावाशेजारी दुसरंच नाव पेटलं होतं. अक्षरं इंग्रजी, झुल्फिकारला येईनात.

"ह्यो कोण?"

अमजदनं नजर फिरवली. "असाच कुणीतरी. येतात फालतू लोक."

"वाच."

"जाऊ द्या ना चाचा."

"वाच म्हणतोय!"

"बादशाह नाव हाय. लिवलंय... मेहनाज, एकटीच हायेस का? नवरा नाही ना बघत?"

झुल्फिकार परत स्टुलावर बसला. "कवापासनं येतो ह्यो?"

"दीड महिना झाला. दिवसातनं तीन-चारदा."

"आन ती बोलती त्याच्यासंगं?"

अमजद कीबोर्ड पुसत म्हणाला, "मंगळवारी बोलती थोडं. मी वाचत न्हाई हां."

"वाचत न्हाईस?"

"थोडं वाचतो. पण सांगणार न्हाई. गिऱ्हाइकाचं हाय."

आत्ताच उतरलेला संशय दुप्पट होऊन झुल्फिकारच्या मानेवर बसला. म्हणजे सरफराज खोटा नव्हता. मास्तरांचा बिझी वेगळा, पण दुसरा माणूस होताच. पोरगी त्याच्याशी बोलत होती. कापूरहोळला परतताना एसटीत एका ओळखीच्या बाईनं मेहनाज बरी आहे का म्हणून साधं विचारलं, तर त्याला वाटलं हिलाही ठाऊक आहे. भोरच्या चहावाल्याला ठाऊक आहे. खुर्शिदा हत्तीचा दात म्हणाली तीही उगीच नव्हे.

तेव्हाही तो मेहनाजला विचारू शकत होता. आठ रुपयांचं तिकीट आणि एक प्रश्न. त्यानं तिकीट काढलं, प्रश्न मात्र विचारला नाही. पुढचे दोन दिवस तो अमजदच्या स्टुलावर जाऊन बसला, हातात बॅटरीच्या गॅरंटीचं कार्ड आणि पेन्सिल. सरफराजचं नाव कधी पेटलं, कधी विझलं. बादशाहचं कधी पेटलं, कधी विझलं. या माणसाला पकडायचा आणि मग काय करायचं ते ठरवायचं, असा त्याचा बेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्ड भरलं. त्यानं ते उजेडाकडं धरलं. सरफराज, दहा वीस ते दहा चाळीस. बादशाह, दहा एक्केचाळीस ते अकरा. सरफराज, अकरा दोन. सगळं कार्ड असंच. एक विझला की मिनिटाभरात दुसरा. दोघं एकदम पेटलेले एकदाही नाहीत.

झुल्फिकारच्या हाताला हे माहीत होतं, डोक्याला उशिरा कळलं. गाडीचा अप्पर आणि डिप्पर. वरचा उजेड पेटला की खालचा जातो. खालचा पेटला की वरचा जातो. दिवे दोन दिसतात, पण बटण एक आणि ते दाबणारा अंगठाही एकच.

"या अल्ला," तो पुटपुटला. मग म्हणाला, "अमजद, हिकडं ये. बादशाह पेटलाय न्हवं? त्याला लिव. मेहनाजच्या नावानं."

"न्हाई चाचा. गिऱ्हाइकाच्या नावानं मी..."

"दिवसभर तिचं नाव पेटवून ठेवतोस तवा न्हाई आठवलं? लिव. अब्बाला ट्रकनं उडवलं. दवाखान्यात नेलंय. मी चालले."

अमजदनं लिहिलं. पडद्यावर खाली पेन्सिल हलली, थांबली. बादशाहचा चेहरा करडा पडला. झुल्फिकारनं खिशातला मोबाईल काढून मांडीवर ठेवला. कार्डावर वेळ टाकायला पेन्सिल टेकवली. पंख्याची घरघर, एक नंबरवरच्या पोराचं खिदळणं. दोन मिनिटंही झाली नसतील.

फोन वाजला.

"मामू! मामू, बरे आहात ना? कुठं लागलं? कुठल्या दवाखान्यात आहात?"

खरं सांगायचं तर त्याचा आवाज घाबरलेला होता. खोटा नव्हता. झुल्फिकारला तेच जास्त लागलं.

"मला काय झालंय?" तो म्हणाला.

"ट्रक... ट्रकनं..."

"तुला कुणी सांगितलं?"

झुल्फिकारनं कार्डावर वेळ टाकली.

"सरफराज, म्या ह्ये एकाच माणसाला कळवलंय. बादशाह नाव त्याचं. तुज्या वळखीचा हाय का रं?"

फोन कट झाला. अमजद तोंडात बोट घालून उभा होता. "च्यायला," तो म्हणाला, "सोताच्याच बायकूला..."

संध्याकाळी पुन्हा फोन आला. आता सरफराज मऊ होता. झालं गेलं, मामू. परमुलखात डोकं फिरतं. मला फक्त खात्री करायची होती, इथं पुष्कळांच्या बायका... जाऊ द्या. ती बादशाहशी वाईट काही बोलली नाही, ते मी बघितलंय. आता तुम्ही बाप म्हणून एकदा जबान द्या की ती चांगली आहे. उद्याच कागद पाठवतो. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडं.

"देतो," झुल्फिकार म्हणाला. त्याला वाटलं, जिंकलो. पोरीचा संसार वाचवला आपण, तो पण एका गॅरंटी कार्डावर. दुसऱ्या दिवशी सोमवारी तो पेढे घेऊन भोरला गेला. खुर्शिदा शेजारी गेली होती. मेहनाज मशीनवर होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, मोठ्या मानानं, सुरुवातीपासून. अप्पर-डिप्परपाशी आल्यावर तर त्यानं हात करून दाखवला.

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"बादशाह ते हायेत, ते मला पयल्या दिवशीच कळलं."

"कसं?"

"त्यानं इचारलं, नवऱ्याची आठवण येती का. लगीच इचारलं, नवरा आवडतो का. परक्या माणसाला माज्या नवऱ्याचं काय पडलंय, अब्बा? त्याला दुसरा विषयच न्हाई."

"मग बोलत का ऱ्हायलीस? तोंडावर फेकायचं, की तू सरफराज हायेस म्हणून!"

मेहनाजनं साडीची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"सरफराज म्हणून येतात तवा ते इचारतात, कुठं गेलतीस, कवा आलीस, कोण व्हतं संगं. बादशाह म्हणून इचारतात, काय जेवलीस. आज कुठल्या रंगाच्या साड्या आल्या. थकतेस का. पाठ दुकती का." तिनं घडी मशीनवर ठेवली. "दीड वर्षात नवऱ्यानं इचारलं न्हाई ते त्यानं इचारलं. म्हणून बोलत व्हते. माज्याच नवऱ्यासंगं बोलत व्हते. ते बी गुन्हा हाय का?"

झुल्फिकारनं पेढ्याचा पुडा पुढं केला. तिनं घेतला नाही.

"तुमचा दात," ती म्हणाली.

"काय?"

"तीन दिवस डॉक्टरकडं येत व्हता. तवाच का? मला बगाया येत व्हता?"

"न्हाई म्हंजे... त्यानं सांगितलं म्हणून..."

"त्यांचं समजलं मला. ते समुद्रापलीकडं, त्यांना एक पिवळा ठिपका दिसतो, दुसरं काय दिसत न्हाई. तुमी तर हितं हुता. ह्या पाटावर बसून माज्या हातचं पाणी पीत हुता. पाणी पिताना माज्या तोंडाकडं बगायचं आन इचारायचं, मेहनाज, काय हाय ह्ये? म्या सांगितलं असतं. चाय व्हायच्या आत सांगून झालं असतं."

"चुकलं," झुल्फिकार म्हणाला. हा शब्द त्यानं आयुष्यात पोरीला म्हटला नव्हता, म्हणून तो नीट आलाही नाही, खाकरल्यासारखा आला. "पण आता निस्तरलंय. म्या जबान देतो, त्यो कागद धाडतो."

"तुमी जबान द्यायची न्हाई."

"आगं, तुजा संसार..."

"तुमाला ठावं काय हाय माज्याबद्दल? कार्ड बगून जबान देणार? उंद्या कार्डात दुसरं काय निघालं तर जबान परत घेणार?" ती उठली. डोळे कोरडे होते, तेच जास्त भयंकर दिसत होतं. "तिथं गेले आन दार उगडाय मला उशीर झाला, तर ते कुणाची जबान मागणार? तुमाला फोन करणार रोज? न्हाई. माजं मी लिवीन. उंद्या मंगळवार हाय. यायचं तर या, पण बसायचं गप."

मंगळवारी अकराला ती कॅफेत आली. झुल्फिकार मागं मागं, गुन्हेगारासारखा. सरफराजचा चेहरा आधीच पेटलेला होता. त्याची दहा-बारा वाक्यं येऊन पडली होती, माफ कर, कागद तयार, तिकीट बघतोय, मामूंनी जबान दिली का. मेहनाजनं सगळी वाचली. मग दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि लिहायला लागली. सावकाश, न थांबता. लिहून झाल्यावर तिनं बापाला तोंडानं सांगितलं, हळू, पण अमजदलाही ऐकू जाईल असं.

"मी लिवलं, कागद धाडू नका. तुमी या. सुट्टी काढून या, हितं माज्यासमोर बसा आन जे इचारायचं ते तुमच्या नावानं इचारा. मग मी ठरवीन, मस्कतला यायचं का न्हाई. अब्बांना फोन करायचा न्हाई. ते माजे बाप हायेत, साक्षीदार न्हाईत."

"आगं, त्यो फाडंल कागद," झुल्फिकार कळवळून म्हणाला.

"फाडू द्या."

पडद्यावर खाली पेन्सिल हलू लागली. थांबली. पुन्हा हलली. झुल्फिकारचा जीव त्या पेन्सिलीत अडकला. पोरगी मस्कतला जाणार, की इथं मशीनवर जन्म काढणार, की कायमची कापूरहोळला येणार, सगळं त्या पेन्सिलीवर होतं. मेहनाजनं मात्र पिशवी खांद्याला लावली.

"आगं, थांब की! लिवतोय त्यो."

"लिवू द्या. मला बारापातुर पाच साड्या द्यायच्यात चौकातल्या दुकानात."

"उत्तर ताबडतोब येतं ह्यात! हा काय, आत्ता येईल."

"येऊ द्या. त्यांनी मला दीड महिना तपासलं. मी त्यांना एक आठवडा थांबवते. पुढच्या मंगळवारी वाचीन."

काळी काच ढकलून ती गेली. तिच्या मागं दार दोनदा हललं.

टिंग.

उत्तर आलं होतं. लांब होतं, चार-पाच ओळींचं. झुल्फिकार त्या इंग्रजी अक्षरांकडं बघत उभा राहिला. यात काय होतं? येतो म्हणाला? शिवी दिली? फाडला कागद? सगळं डोळ्यासमोर होतं आणि त्याला एक अक्षर लागत नव्हतं.

अमजद मागं येऊन उभा राहिला. वाकून बघू लागला. "वाचू का चाचा?"

झुल्फिकारच्या तोंडातून व्हय निघालंच होतं. जिभेवर आलं होतं. त्यानं ते परत गिळलं.

"तुला लिवलंय का?"

"न्हाई, पण..."

"मला लिवलंय का?"

"न्हाई."

"मग सर मागं."

चौकट कशी झाकायची ते त्याला येत नव्हतं, आणि अमजदला विचारायचं म्हणजे अमजदला वाचू द्यायचं. त्यानं दोन नंबरचं स्टूल ओढलं आणि पडद्याकडं पाठ करून त्यावर बसला, रुंद, दोन्ही हात गुडघ्यांवर. वेल्ह्याचे मास्तर दुसरी प्रत काढायला आले तर त्यांना त्यानं तीन नंबर दाखवला. अमजद दुपारी जेवायला दुकान बंद करीपर्यंत तो तसाच बसून होता, एकदाही मान न वळवता.